सांधा केव्हां गोठवावा?

लोहा हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव नांदेड आणि लातूर या दोन शहरांना जोडणाऱ्या वाटेवर वसलें आहे. या शहरांमधील अंतर फार नाहीं. परंतु विसाव्या शतकाचा बहुतेक काळ त्यांचे लोहमार्ग एकमेकांस अनोळखी होते. नांदेडास १९०० च्या सुमारास जो मार्ग आला तो निजामाच्या राज्यांतून मनमाडकडे जाणारा, एक मीटर रुंदीचा. लातुरास १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे पोंचली. तिची रुंदी अवघी अडीच फूट. आणि मुंबईहून मनमाडास व कुर्डुवाडीस येणारा मोठा मार्ग साडेपांच फुटांचा. परिणाम असा झाला कीं, नांदेडकडील माल मनमाडला आणि लातूरकडील माल कुर्डुवाडीला एका डब्यांतून उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावा लागे. त्या हमालीचा, खोळंब्याचा आणि फाटलेल्या पोत्यांचा भुर्दंड प्रथम व्यापाऱ्यावर व अखेरीस शेतकऱ्यावर पडे.

हे मार्ग आंखणारे इंजिनिअर अडाणी होते असें कोणी समजूं नये. साडेपांच फुटांचें माप लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत ठरलें. १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या वेळीं खर्च वांचविण्यासाठीं मीटरचें माप पत्करण्यांत आलें. बार्शी रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यानें तर कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं नये असें आरंभींच ठरविलें, आणि सगळीं इंजिनें व डबे त्या हिशेबानें बेतले. आपापल्या मार्गापुरता प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा होता. त्यांतील उणीव दिसली ती दोन मार्ग भेटले त्या ठिकाणीं. ती भरून काढण्यासाठीं १९९२ सालीं देशभर एकच माप करण्याची योजना हातीं घ्यावी लागली, आणि लातूरचा छोटा मार्ग रुंद होईपर्यंत एकविसावें शतक उजाडलें होतें.

आजच्या भाषणाचा विषय रेल्वे नसून संगणक हा आहे. तथापि प्रश्न तोच आहे. दोन निरनिराळ्या हातांनीं घडविलेल्या वस्तू जेथें एकमेकींस भेटतात, तेथील माप केव्हां कायम करावें?

प्रत्येक संगणकांत, आणि आतां खिशांतल्या मोबाइलांतहि, एक मुख्य कारभारी असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. यंत्राची स्मृति, पडदा, फायली यांवर ताबा त्याचा. बाकीचे सर्व प्रोग्रॅम त्याच्याकडे अर्ज करतात: अमुक फाइल वाचून दे, अमुक मजकूर लिहून ठेव. मनुष्य हे प्रोग्रॅम शब्दांत लिहितो; परंतु यंत्रापुढें जातांना त्यांचें रूपांतर शून्य व एक या दोनच अंकांच्या रांगांत झालेलें असतें. त्या रूपांत शब्द उरत नाहींत. उरतात ते क्रमांक, जागा आणि लांबी. उदाहरणार्थ, लिनक्स या प्रणालींत ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांवर 'वाच' या कामाचा क्रमांक ३ आणि 'लिही' या कामाचा क्रमांक ४ आहे. ६४ बिटांच्या यंत्रांवर तेच क्रमांक ० व १ असे आहेत. कचेरींतील खिडक्यांवर क्रमांक असावेत तसाच हा प्रकार. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा, त्यांत रकाने किती, कोणता रकाना आधीं, आणि प्रत्येकाची रुंदी केवढी, या सर्व नियमांना मिळून द्विमान सांधा असें म्हणतां येईल.

आतां समजा, नव्या आवृत्तींत कारभाऱ्यानें खिडक्यांचे क्रमांक बदलले. ज्याच्यापाशीं प्रोग्रॅमचें मूळ लेखन आहे तो तें नव्या क्रमांकांनीं पुन्हां बांधून घेईल. परंतु दुकानदारानें दहा वर्षांपूर्वीं विकत घेतलेला हिशेबाचा प्रोग्रॅम, रुग्णालयांतील तपासणीच्या यंत्राबरोबर आलेला प्रोग्रॅम, किंवा ज्याचा कर्ता आतां धंद्यांत नाहीं असा एखादा प्रोग्रॅम, यांना तें कसें साधावें? ते जुन्याच खिडकीवर जातील. तेथें नकार मिळाला तर नशीब. नाहीं तर वाचण्याचा अर्ज लिहिण्याच्या खिडकीवर पडावयाचा आणि असलेला मजकूर पुसला जावयाचा. म्हणून प्रणाली बनविणारे एक दिवस जाहीर करतात: या दिवसापासून हा सांधा गोठविला, यापुढें तो बदलणार नाहीं. हें वचन केव्हां द्यावें, हाच सगळा अवघड प्रश्न आहे.

या कामांत दोन दोष संभवतात. एक घाईचा, त्यास आपल्या भाषेंत उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असें म्हणतात; दुसरा उशिराचा, तो म्हणजे वरातीमागून घोडें. दोन्हींचीं खरीं उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत.

घाईचें उदाहरण काळाच्या मोजणीचें. युनिक्स व तिच्या वंशांतील प्रणाली १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून वेळ सांगतात. त्या आंकड्यासाठीं ३२ बिटांचा रकाना पुष्कळ ठिकाणीं कायम झाला. त्यांतील एक बिट धन किंवा ऋण हें दाखविण्यांत जातो. उरलेल्यांत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढेच सेकंद मावतात. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं भरेल. पुढच्या सेकंदाला असें घड्याळ १९०१ च्या डिसेंबरांत जाऊन उभें राहील. रकाना ठरला तेव्हां स्मृति महाग होती आणि २०३८ साल फार दूर होतें. परंतु तो सांध्यांत शिरला, आणि सांधा हजारों प्रोग्रॅमांत शिरला. पुढें रकाना रुंद करणें म्हणजे तीं सगळीं घरें पुन्हां बांधणें झालें.

ओपनबीएसडी या प्रणालीनें २०१४ सालीं ५.५ या आवृत्तींत धैर्य करून हा रकाना ६४ बिटांचा केला, व जुने प्रोग्रॅम नव्यानें बांधावे लागतील हें उघड सांगितलें. लिनक्सनें निराळा मार्ग धरला. जुन्या खिडक्यांस हात न लावतां शेजारीं नव्या, रुंद रकान्याच्या खिडक्या उघडल्या. त्यांतील मुख्य भाग २०१९ सालच्या ५.१ या आवृत्तींत आला. डेबियन संघानें २०२४ सालीं ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांसाठीं सर्व पेटारे नव्या रकान्यानें पुन्हां बांधावयास घेतले. मात्र जुन्या ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांचा सांधा त्यांनीं तसाच ठेवला. एकाच संघाचे हे दोन परस्परविरुद्ध निर्णय पाहून कोणास नवल वाटेल; पण त्यांत विसंगति नाहीं. एआरएम यंत्रें २०३८ नंतरहि कामांत राहण्याचा संभव आहे, म्हणून तेथें बदल हवा. त्या इंटेल यंत्रांची आवृत्ति मुख्यतः जुने प्रोग्रॅम चालविण्यासाठींच राखलेली. तेथें सांधा बदलला तर तिचें प्रयोजनच संपलें. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनें २००७ सालीं पुढें आणलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्यानें, दूरच्या संघांतील असा निर्णय आपल्याकडील कचेऱ्यांच्या दारापर्यंत येऊन पोंचतो.

उशिराचें उदाहरण अधिक जवळचें आहे. तें मराठी अक्षरांचें. संगणकाला 'क' ठाऊक नसतो, त्याचा क्रमांक ठाऊक असतो. तेव्हां कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हाहि एक द्विमान सांधाच होय. मराठी छपाई संगणकावर येऊं लागली त्या काळीं बाजारांतील निरनिराळ्या अक्षरसंचांनीं आपापले क्रमांक धरले. एका छापखान्यांत जुळविलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला कीं तेथें अर्थहीन चिन्हांची गर्दी दिसे. कुर्डुवाडीच्या फलाटावर पोतीं जशीं उतरवावीं लागत तसा तो मजकूर पुन्हां जुळवावा लागे.

सर्वमान्य माप ठरविण्याचे प्रयत्न नव्हते असें नाहीं. भारतीय लिप्यांसाठीं सरकारी संहिता १९८३ पासून तयार होत होती आणि १९८८ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. तिकडे जगांतील सर्व लिप्यांसाठीं युनिकोड नांवाची संहिता सिद्ध होत होती. तिनें देवनागरीस १२८ जागांचा एक पट्टा दिला आणि आंतील मांडणी १९८८ च्या भारतीय संहितेवरून घेतली. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. नेमक्या त्याच सुमारास भारतीय मानक संस्थेनें आपली नवी संहिता प्रसिद्ध केली, आणि तींत १९८८ च्या मांडणींत कांहीं फेरफार झाले होते. म्हणजे एकानें दुसऱ्याचें माप घेऊन सांधा गोठविला, आणि त्याच वेळीं मूळ मापच थोडें सरकलें! सुदैवानें भारतीय संहितेंतील सर्व अक्षरें युनिकोडांत आहेत. परंतु दोहोंची मांडणी तंतोतंत जुळत नाहीं ती नाहींच.

यांतून मराठी भाषेच्या वांट्यास एक विशेष अडचण आली. 'आर्य' या शब्दांतील रफार आणि 'दऱ्या' या शब्दांतील आडवा अर्धा र हीं दोन निराळीं चिन्हें आहेत. हिंदी वाचकाला दुसऱ्याची गरज सहसा पडत नाहीं. मराठीचें त्यावांचून एक पाऊलहि पुढें पडत नाहीं. पायऱ्या, नोकऱ्या, कऱ्हाड, ऱ्हास हे शब्द पाहावे. 'शेतकरी' हा शब्द विभक्तींत गेला कीं 'शेतकऱ्याला' असें त्याचें रूप होतें. म्हणजे हें चिन्ह नसेल तर मराठींत शेतकऱ्याला कांहीं देतां येत नाहीं कीं त्याच्याकडून कांहीं घेतां येत नाहीं! भारतीय संहितेंत हें चिन्ह नुक्ता असलेल्या 'ऱ' स हलंत जोडून साधत. युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत साधा 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी निराळी रीत होती. पुढें युनिकोडनें भारतीय रीत मान्य केली. परंतु दुसऱ्या आवृत्तीप्रमाणें लिहिलेला मजकूर निकामी होऊं नये म्हणून ती रीतहि चालू ठेवली.

हें करणें न्याय्यच होतें. पण त्याची किंमत आहे. 'कऱ्हाडे' किंवा 'गोऱ्हे' हें आडनांव दोन रीतींनीं लिहितां येतें. कागदावर दोन्ही अगदीं सारखीं दिसतात. यंत्राच्या दृष्टीनें मात्र तीं दोन वेगळीं नांवें आहेत. दोन्ही रीती एकच मानाव्या असें प्रोग्रॅमला शिकविलेलें नसेल, तर एका रीतीनें नोंदलेलें नांव दुसऱ्या रीतीनें शोधणाऱ्यास सांपडत नाहीं. मतदारयादी असो, शाळेचा दाखला असो वा जमिनीचा उतारा असो, 'नांव आढळत नाहीं' हे तीन शब्द ज्याला ऐकावे लागतात त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न तांत्रिक राहत नाहीं.

युनिकोडनेंहि अनुभवानेंच शहाणपण घेतलें. दुसऱ्या आवृत्तींत कोरियन लिपींतील हजारों अक्षरें एका जागेवरून उठवून दुसरीकडे बसविलीं गेलीं, व जुना कोरियन मजकूर अडचणींत आला. तेथून पुढें नियम झाला कीं, एकदां जागा दिलेलें अक्षर हलवावयाचें नाहीं आणि काढावयाचेंहि नाहीं. भर मात्र घालतां येईल. या भर घालण्याच्या मुभेमुळेंच मराठींतील 'ॲ' या अक्षरास २००८ सालीं स्वतंत्र जागा मिळाली. रुपयाचें नवें चिन्ह भारत सरकारनें जुलै २०१० मध्यें स्वीकारलें आणि त्याच वर्षीं तें संहितेंत आलें. मोडी लिपीलाहि २०१४ सालीं तिचा स्वतंत्र पट्टा लाभला. तात्पर्य, गोठविणें म्हणजे वाढ थांबविणें नव्हे. घराचा पाया हलवावयाचा नाहीं. माडी चढवावयास हरकत नाहीं.

मग अनुभवी मंडळी वेळ कशी साधतात? फ्रीबीएसडी या प्रणालीची रीत पाहावी. तिच्या घडणींत एक अखंड चालणारी शाखा असते. तींत सांधे मोकळेपणानें बदलतात. नव्या मुख्य आवृत्तीचा दिवस जवळ आला कीं शाखा वेगळी काढतात, परीक्षेसाठीं कच्च्या प्रती वांटतात, आणि ती आवृत्ति अधिकृतपणें निघाली कीं तिच्या हयातींत सांधा मोडावयाचा नाहीं असें वचन देतात. प्रत्येक फाइलीस असलेला अंतर्गत क्रमांक या प्रणालींत ३२ बिटांचा होता. त्यांत सुमारें ४२९ कोटी फायली मावत. तो ६४ बिटांचा करण्याचें काम मे २०१७ मध्यें चालत्या शाखेंत आलें, आणि डिसेंबर २०१८ मध्यें निघालेल्या १२ व्या मुख्य आवृत्तींतून लोकांस मिळालें. ही संधि हुकली असती तर पुढील मुख्य आवृत्तीपर्यंत थांबणें प्राप्त होतें. कारण मधल्या आवृत्त्यांत सांध्यास हात लावावयाचा नाहीं असा दंडक. शिवाय जुन्या प्रोग्रॅमांना जुन्याच रकान्याचा अर्ज चालावा अशी सोयहि ठेवली गेली.

लिनक्सची रीत याहून वेगळी आहे. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या या प्रणालींत बाहेरच्या प्रोग्रॅमांकडील सांधा मोडावयाचा नाहीं, हा कडक नियम आहे. परंतु गाभ्याच्या आंतील भागांमधले सांधे मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. जेथें अनोळखी लोक येतात तेथें वचन, जेथें घरचीच माणसें वावरतात तेथें मोकळीक, असा हा विवेक आहे. रेड हॅट ही कंपनी आपल्या व्यापारी लिनक्ससाठीं आंतील कांहीं निवडक सांध्यांची यादी प्रसिद्ध करते, व एका मुख्य आवृत्तीच्या हयातींत ते कायम राखते. सगळेंच गोठविणें किंवा कांहींच न गोठविणें, यांतील कोणताहि टोकाचा मार्ग टिकत नाहीं.

या उदाहरणांवरून चार कसोट्या निघतात. पहिली, ज्यांनीं सांधा बनविला त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी तो खरोखर वापरून पाहिला आहे काय? ज्या संहितेची परीक्षा 'दऱ्या' लिहून झाली नाहीं, ती मराठीसाठीं अजून कच्चीच समजावी. दुसरी, वाढीला जागा राखली आहे काय? रकाना आजच्या गरजेएवढा नसावा. तो गोठविल्यावर किती वर्षें वापरांत राहील हें पाहून त्याची रुंदी ठरवावी. तिसरी, गोठविण्याचा दिवस आधीं जाहीर झाला आहे काय? दिवस ठाऊक असेल तर ज्याला सूचना करावयाची तो वेळेवर करतो. नसेल तर एक संहिता छापून निघते तोंच दुसरी बदलते. चौथी, पुढें बदल करणें भागच पडलें तर जुनें दार उघडें ठेवून नवें काढण्याची सोय आहे काय?

या चारींच्या पलीकडे आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. सभेंत ठराव होवो न होवो, लोकांचा वापर वाढला कीं सांधा आपोआप गोठतो. खेड्यांतील कच्च्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकांनीं चाकोरी पडते. ती किती अंतराची असावी हें कोणी ठरविलेलें नसतें. परंतु एकदां ती पडली कीं माळेगांवच्या यात्रेला निघालेल्या गाडीलाहि तिच्यांतूनच जावें लागे, आणि नवी गाडी करणारा सुतार आंसाची लांबी त्याच मापानें धरी. म्हणून "अजून विचार चालला आहे" असें म्हणत प्रणाली लोकांच्या हातीं देऊन ठेवणें, हाहि न बोलतां केलेला निर्णयच होय. युनिक्सचा ३२ बिटांचा रकाना कायम झाला तो मुख्यतः याच रीतीनें.

झालेला बदल सुखरूप कसा पार पाडावा याचा धडा भारतानें संगणकापूर्वींच घालून दिला होता. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. रुपया आहे तसाच ठेवला. बदलले ते त्याचे भाग. नव्या पैशावर तो रुपयाचा शंभरावा भाग आहे हें स्पष्ट छापलें, आणि आणेहि कांहीं काळ बाजारांत चालूं दिले. लोकांची नजर बसल्यावर १९६४ सालीं 'नवा' हा शब्दहि गळाला. ज्या मापावर सर्व करार-मदार उभे होते तें स्थिर राखलें, म्हणूनच बाकीचें बदलतां आलें.

असो. सुशिक्षित कुटुंबांस या प्रकरणांत कांहीं करण्यासारखें आहे काय? आहे. घरासाठीं, शाळेसाठीं किंवा संस्थेसाठीं यंत्र अथवा प्रोग्रॅम घेतांना किंमतीबरोबर हेंहि विचारावें कीं, याची प्रणाली किती वर्षें सांभाळली जाणार आहे, आणि २०३८ सालची तारीख त्यांत घालून पाहिली आहे काय. वीस वर्षांच्या कर्जाचा हिशेब मांडणाऱ्या प्रोग्रॅमाला तें साल आजच गांठावें लागतें. मराठी नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कचेरीकडे असा आग्रह धरावा कीं, 'ऱ' च्या दोन्ही रीती शोधतांना एकच मानल्या जाव्या. आणि भाषेचे जाणकार, शिक्षक व मुद्रक यांनीं नवीं मापें ठरत असतांनाच आपलें म्हणणें मांडावें. आज बालवाडींत जाणारें मूल २०३८ च्या सुमारास शालांत परीक्षेस बसेल. त्याचें नांव, जन्मदिवस आणि गुण ज्या रकान्यांत उतरावयाचे, ते रकाने आजच कोठें तरी कायम होत आहेत. तेथें विचारणारा कोणी असावा एवढेंच.